श्रावण लागायच्या आत

दिग्रस,
आषाढ वद्य षष्ठी, बुधवार

चि. भगवान यास,

दादाचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण, छत्रहरण. मागच्या खेपेला तू माझी छत्री नेलीस आणि तुझी इथे ठेवून गेलास. तुझी छत्री उघडते. मिटायचं मात्र तिच्या मनात नसतं. परवा ती उघडी घेऊनच नववीच्या वर्गात शिरावं लागलं. पोरांना वाटलं, सर आज नाटक करून दाखवणार. याहून लहान कारणांवर महाकाव्यं उभी राहिली आहेत. मी शिक्षक माणूस, नुसतं पत्र लिहितो.

सौ. रंजिताला सांग, जवसाची चटणी पोचली आणि संपलीही.

आता बातमी. तुझा भाऊ खरोखरच नट झाला. डॉ. सलोनी तुला आठवत असेल, माझी विद्यार्थिनी. दहावीला संस्कृत केवळ मार्कांसाठी घेतलं, हे ती चारचौघांत सांगते. ती सध्या रुग्णवाहिकेवरच्या लोकांना शिकवते: दारूपायी कोणी पडला असेल तर त्याच्या घरात शिरायचं कसं, बोलायचं कसं. सरावासाठी तिला एक म्हातारा हवा होता. मी अजून पन्नाशीत आहे, असं मी नम्रपणे कळवलं. ती म्हणाली, "सर, केस तयारच आहेत."

त्या वर्गात आपली हकिकत सांगायला जवळच्या बंजारा तांड्यावरची जमनी आली होती. तिचा नवरा हिरासिंग रोज पिणारा. त्याने सेवालाल महाराजांच्या पांढऱ्या झेंड्यापुढे शपथ घेऊन दारू सोडली. खरीच सोडली, आणि एकदम. दोन-तीन दिवसांत हात कापायला लागले, घाम फुटला, समोर नसलेल्या माणसांशी तो बोलू लागला. मग मिरगीसारखा झटका आला. तांड्यात म्हणाले, शपथेत काही चुकलं, महाराज कोपले. कोणीतरी फोन केला, गाडी आली. गाडीतल्या एकाने भर अंगणात, सासऱ्यादेखत, जमनीला मोठ्याने विचारलं, किती ढोसली याने? सासऱ्यापुढे ती बोलत नाही. पदर ओढून उभी राहिली. पुन्हा विचारलं तेव्हा बोलली.

"मी म्हनलं, थेंब नाई घेतला, सोडली हाये त्यायनं. तं तो मानूस हासला. म्हने, साऱ्या बायका हेच सांगते."

उतरली की उठेल, असं म्हणत त्यांनी वेळ घालवला. दुसरा झटका गाडीत आला. हिरासिंग वाचला, पण जीभ दातांखाली सापडली होती. आजही त्याचं बोलणं नीट कळत नाही.

सलोनीने सगळ्यांना समजावलं की वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर असं होऊ शकतं, जीवही जातो. म्हणून बायकोला बाजूला घेऊन हळू विचारायचं, आणि किती प्याला हे विचारून थांबायचं नाही. शेवटची कधी घेतली, तेही विचारायचं. शपथेला हसायचं नाही. ती मोडायलाही सांगायचं नाही. दवाखान्यात राहून पाळ म्हणायचं.

मग माझा प्रवेश. मी झालो हिरासिंगचा बाप. रूपसिंग नावाचा चालक आला, राम राम केला, खाली माझ्याशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "बाबा, आखरीची कवा घेतली त्यानं?"

मला शिकवलेलं उत्तर होतं, परवा. मी म्हणालो, "श्रावणाच्या आदल्या दिवशी."

सगळे हसले. मास्तर पाठ विसरले. रूपसिंग हसला नाही. "हात कापत होते काय?"

"पळी धरवत नव्हती," मी म्हणालो.

गेल्या श्रावणातला, दुसऱ्याच दिवशीचा आपला सत्यनारायण, भगवान. तुझ्या हातातली पळी पंचपात्रीवर वाजत होती, आणि तो आवाज कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी मंत्र मोठ्याने म्हणत होतो. आई म्हणाली, उपासाने होतं असं. रंजिताने लिंबूसरबत दिलं. दुसऱ्या दिवशी तू गोठ्यात पडलास, तोंडाला फेस आला, आणि त्याला आपण सगळ्यांनी मिळून 'चक्कर' असं सोज्वळ नाव दिलं. जमनीने निदान खरं सांगितलं होतं. आपल्या अंगणात गाडी आली असती तर खरं कोणी सांगितलं असतं?

तेव्हा मी ठरवलं आहे. रविवारी सकाळच्या एसटीने बाभुळगावला येतो. सोमवारी आपण दोघं यवतमाळला जायचं. तिथल्या डॉक्टरांशी सलोनी बोलली आहे. काही दिवस भरती व्हावं लागेल, औषधं देतील. श्रावण तू पाळणारच, तर तिथे पाळ. पोथी मी आणतो, वाचूनही दाखवतो. तुझी सुटका नाही.

आणि एक संस्कृतचा शिक्षक आपल्या धाकट्या भावाला हे लिहितो आहे, याची नोंद घेऊन पुढचं वाच: मी येईपर्यंत एकदम बंद करू नकोस.

रंजिताशी फोनवर बोललो. मध्येच काही झालं तर कोणाला न विचारता १०८ लाव, आणि शेवटची कधी घेतली ते स्पष्ट सांग, असं तिला बजावलं आहे. तू रागावशील. रागाव. रविवारी मी समोर असेन, तेव्हा उरलेला राग काढ.

दर वर्षी तू श्रावण पाळतोस याचं आईला केवढं कौतुक. मला यंदा त्याचीच भीती वाटते. तू पुन्हा पडशील, आम्ही 'चक्कर, चक्कर' म्हणत तुझ्याभोवती उभे राहू, आणि तू आमच्यादेखत मरशील.

तुझ्याकडे यायला निघालेला,
दादा