व्याजमाफीची सही

वर्लिन,

आपल्या टेसाच्या पोटगीची थकबाकी तू एकदाची फेडलीस. आता मी सही केली की तुझं व्याजही माफ होईल. पोटगी वसूल करणाऱ्या कचेरीतली बाई फोनवर म्हणाली, "करून टाका ना, दोघंही सुटाल."

टेसाही वैतागते. "आई, किती ताणशील? बाबा सुधारलाय आता."

सुधारला असशील. व्याज मला नकोच आहे. पण तुझ्या पगारातून पैसे कापले की मला येणाऱ्या कागदावर तुझ्या मालकाचं नाव असायचं. आधी फार्गो शहरातला गॅरेजवाला, मग तेलाच्या विहिरींची कंपनी. तू कुठे आहेस, ते मला तेवढ्यावरूनच कळायचं. व्याज माफ झालं की पोटगीचं खातं मिटेल आणि तेही संपेल.

सही मी केव्हाच केलीय. कागद पाठवला मात्र नाही, फ्रीजवर लावून ठेवलाय. टेसाला वाटतं, माझा राग गेला नाही. वाटू दे.

मार्लिस