डोळे तेवढे राहिलेत

आबा, दादाला आता तुमचे डोळे पाहिजेत, आणि ते मी काढायचे आहेत. ज्या हाताला तुम्ही मूर्तीच्या डोळ्यांच्या आखणीच्या ब्रशाजवळ कधी फिरकू दिलं नाही, त्याच हातानं. गणपतीचा कारखाना त्यानं बंद केला, ट्रक घेतले, आता घर बांधलंय. दसऱ्याला घरभरणी आहे आणि हॉलमध्ये भिंतीवर वडील पाहिजेत. फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीतला, त्यात तुम्ही मान खाली घालून पानातल्या जिलबीकडे बघताय. फोटोवाल्यानं हात वर केले, पापण्यांखालचं कुठून आणू म्हणाला. मग दादाला बहीण आठवली. "तू काढतेस ना गं माणसं, मग बापाला काढ की," दारातूनच म्हणाला, चप्पलपण काढली नाही. मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. थकल्यावर माणूस हो म्हणतो.

मी माणसं काढते हे तुम्हाला ठाऊक नसणार. तुम्ही गेल्यावर दादा कारखान्यातले रंगाचे डबे भंगारात घालत होता, ते मी रिक्षात भरून चौलला आणले. मुलगी सासरी गेली, दुपारी घर खायला उठायचं. म्हणून प्लायचा एक तुकडा घेतला आणि आधी ह्यांना काढलं. हे रेवदंड्याच्या स्टँडवर रिक्षा लावतात. समोर बसवलं तर मला ह्यांची नजरच सापडेना. चार दुपारी गेल्या, मग कळलं, आमचं लग्नानंतरचं सगळं बोलणं रिक्षात झालंय, मी मागं बसलेली आणि हे आरशातून बघणारे. तसंच काढलं, आरशाची पट्टी आणि त्यात दोन डोळे. "बाकीचा मी कुठाय?" म्हणाले. म्हटलं, बाकीचे तुम्ही मला कधी दिसलात? दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ताट उचलून माझ्यासमोर येऊन बसले, आणि मी मेली ताटातच बघत जेवले. मग मैत्रिणीला काढलं, रेवदंड्याला बोंबील वाळत घालते ती. तिला एक दुपार पुरली. ती भांडताना सरळ बघते, उसनं मागतानाही सरळ बघते. चित्र बघून म्हणाली, "माझं नाक येवढं मोठं हाय?" म्हटलं, हाय. "मंग ऱ्हाऊ दे. डोले बाकी माझेच हायत."

हे सगळं तुमच्याकडूनच चोरलेलं आहे. दादाला शिकवताना तुम्ही म्हणायचा, आधी तो कुठं बघतोय ते ठरव, मग ब्रश उचल. मी तिथंच खाली बसून मूर्तीला पॉलिश पेपर मारत असायची. चौथीतून शाळा सोडवून तुम्हीच बसवलंत. शिकवत होता त्याला आणि पाठ होत होतं मला. एकदा धीर करून म्हटलं, आबा, मलापण एक द्या. तुम्ही मूर्तीवरून नजर न काढता म्हणालात, "पोरीला आखणी शिकवली की कारखाना सासरी जातो. तू पितांबर रंगव." रंगवले. इतके रंगवले की अजून पिवळा रंग बघितला की मान दुखते. म्हणून तुमचा चेहरा मला एका बाजूनंच ठाऊक आहे. तुमचा कान मी न बघता काढला, एका बैठकीत. गालावरची चामखीळ, मानेवर घामानं चिकटलेलं शाडूचं पीठ, सगळं आलं. डोळे तेवढे राहिलेत. तुम्ही आयुष्यभर देवाच्या डोळ्यांत बघत बसलात, माझ्याकडे वळलात कधी?

एकदा वळलात. त्याचंच तर सगळं आहे. माझ्या लग्नाआधीची चतुर्थी, आठ दिवस राहिलेले आणि तुमचेच डोळे आलेले, लालभडक. वैद्यानं काळा चष्मा देऊन घरात बसवलं. दादावर काम टाकलंत आणि दादा दुपार झाली की क्रिकेटला. पत्र्याच्या शेडमध्ये मी एकटी आहे, समोर छोट्या मूर्तींची फळी, नऊ बिनडोळ्यांच्या मूर्ती. मी तुमचा ब्रश उचलते. हा कुठं बघेल? मी म्हटलं, हा वर कशाला बघेल, हा खाली बसून पॉलिश पेपर मारणाऱ्या माणसाकडे बघेल. नऊच्या नऊ तशाच केल्या. पायांना मुंग्या आल्या तरी उठले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, चष्मा लावलेलाच. त्यातली एक उचललीत, उजेडाला धरलीत, परत फळीवर ठेवलीत. आणि मग माझ्या जागेवर खाली बसलात, माझ्या गोणपाटावर, आणि तिथून वर बघत राहिलात. "कुणी केल्या?" दादा म्हणाला, "मी." माझ्या हातात पाण्याची बादली होती, ती मी खालीसुद्धा ठेवली नाही. तुम्ही म्हणालात, "ह्याची नजर बरोबर पडलीय." मग मान वळवून माझ्याकडे बघितलंत. बघितलंत का? तोंड माझ्याकडे होतं, पण वर तो काळा चष्मा. मला त्यात बादली घेतलेली मीच दिसले, एवढीशी. "चहा टाक," म्हणालात. त्या वर्षी आपल्या घरी तीच मूर्ती बसली. मी आरतीला मागं उभी होते.

तेव्हापासून मी हे कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. दादा तर विसरलाही असेल. आता मला एवढंच कळायला हवंय, त्या चष्म्याआड तुमचे डोळे कुठं होते. ते काम माझं हे तुम्हाला कळलं होतं तर समोर बघणारे काढते. नव्हतं कळलं तर मूर्तीकडे बघणारे काढीन, तेही मला येतात, दुसरं काय बघितलंय. पण खोटी नजर माझ्या हातून उतरत नाही, आणि आता ह्या वयात तुमच्यावर चिडत बसायचा कंटाळा आलाय. खरं सांगते, परवा एकदा मी डोळे काढले होते, थेट माझ्याकडे बघणारे. इतके चांगले जमले की मलाच लाज वाटली. रॉकेलच्या फडक्यानं पुसून टाकले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुमच्या चित्राच्या प्लायमागं सरकवून ठेवीन. निरोप कावळ्याबरोबर पाठवू नका, तो वड्यासाठी कशालाही हो म्हणतो. स्वप्नात या, नाहीतर ब्रश धरल्यावर हाताला काय ते कळू द्या. नाहीच काही बोललात तर डोळ्यांच्या जागी काळा चष्मा काढीन, आणि मग दादाच्या पाहुण्यांना तुम्हीच उत्तर द्या. रंग सुकायला आठ दिवस लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको. घटस्थापनेच्या सकाळपर्यंत सांगा.