यंदाचा काळा मध

कोपरी, ठाणे
१२ मे १९५४

तीर्थरूप आबांना,
तुमच्या मंदाचा वाकून नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचलात ना? आईचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे बरे आहे. खाडीवरून दमट वारा येतो आणि फार उकडते, एवढेच.

त्या दिवशी तुम्ही महाबळेश्वरहून मधाची बरणी घेऊन आलात. सासूबाईंनी मध चाखला आणि पाहुण्यांदेखत म्हणाल्या, "गेल्या वर्षी कसा सोनेरी होता. हा काळा, कडवट. काकवी तर नाही ना मिसळली?" सगळे हसले. मीही हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत आणि मधपेट्या बघायच्या आहेत म्हणून जेवणाआधीच निघालात.

आबा, मला तर ठाऊक होते. गेल्या साली गारांनी जांभळीचा फुलोरा झडला, माश्या रानातल्या दुसऱ्या फुलांवर गेल्या, म्हणून मध फिका झाला. यंदा हवा कोरडी राहिली, जांभळी भरभरून फुलल्या, म्हणून तो काळा आणि तुरट. लहानपणी तुम्हीच मला हे चाखवून शिकवलेत.

काल सासूबाईंना मी हे सगळे सांगितले. त्यांनी पुन्हा चमचाभर मध चाखला. मग म्हणाल्या, "हे तुला ठाऊक होतं, तर वडील समोर असताना का नाही बोललीस?"

त्यांनी निदान विचारले तरी. तुम्ही तर हे विचारलेही नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटते.

तुमची,
मंदाकिनी