घटाखालची लाल माती

२० सप्टें., शनिवार. जळकोट
अंदमानहून आले, पाय अजून बोटीवरच. संशोधनाचे सर म्हणाले, घरी नवरात्र करून ये, माती तेवढी सुकवून आण. सुकवू कशी? पाऊस उघडीप देईना. बेटावर खणलेल्या मातीचे चारही थर वेगवेगळ्या पेपरवर पसरलेत, देवघराशेजारच्या खोलीत, पंख्याखाली. तळाचा जिवापाड जपायचा. तो पोवळ्याच्या पांढऱ्या खडकाला टेकलेला. बेटावरची लाल माती खडकातून झाली, वाऱ्यानं आली की ज्वालामुखीच्या राखेची, ते तोच सांगेल. तिथं पुन्हा जायची परवानगी मिळणं कठीण.

२२ सप्टें., सोमवार
मावशीला आणायला स्टँडवर गेले. परत येते तर घट बसलेला. तळाच्या थराचा पेपर रिकामा, नीट घडी घालून ठेवलेला.
आई : "वावरात पाय ठरंना. तुझ्या बाबांनी उलीसा चिखल आणला. घटाला भुसभुशीत माती लागती का न्हाय? तुझी घातली खाली, वर काळी."
मी ओरडले. काय ते आठवत नाही. मावशी पिशवी हातात घेऊन दारातच उभी.
दसऱ्यापर्यंत घट हलवायचा नाही.

२३, मंगळ.
हात शिवशिवतात. चमच्यानं काढू का थोडी? आई देवघरातून हलत नाही.
पाण्यानं टायटॅनियम वाहून जात नाही, म्हणून तर मातीचं मूळ शोधायला आम्ही ते मोजतो. भीती वेगळीच. आमची काळी माती लाव्ह्याच्या कातळाची, टायटॅनियम भरपूर. ती मिसळली की बेटाची मातीही ज्वालामुखीचीच वाटणार. आणि मी काय सांगणार, देवीनं केलं?

२६, शुक्र.
गहू तरारलाय. बघून राग येतो.
मावशी : "यंदाचा घट लई झ्याक."
आई माझ्याकडं न बघता : "लांबची माती हाय ती."
पाणी ती आता थेंबथेंब घालते. माझी माती वाहू नये म्हणून. रागही आहेच.

२ ऑक्टो., दसरा
घट उठला. आईनं सगळं माझ्यापुढं ठेवलं. "घे, काय घ्यायचं ते." मुळांनी लाल-काळी माती एकत्र धरून ठेवलेली. खालून जमेल तेवढी लाल खरवडली. सरांना फोनवर खरं ते सांगितलं. त्यांनी किती निघाली ते विचारलं. मग, "पाठव. बघू."

१४ नोव्हें., शुक्र.
आकडे आले. वरचे तीन थर वाऱ्याचे. तळाच्यात टायटॅनियम वाढलेलं. बेटाखाली खरंच राख, की आमचं वावर? सर म्हणतात, घरची काळी आण, तीही मोजू, मग तिचा वाटा वजा करून बघू. जमेल असं म्हणाले नाहीत.

१६, रवि. जळकोट
वावर वाळलंय. घटाला जिथून नेली होती तिथंच बाबांनी खणून दिलं.
"आता आपली माती कुठनं आली ते बघतीस व्हय?"
"व्हय."
"आन लांबचीच निघाली तर?"
मी ढेकळं फोडत राहिले.
आई कोरा पेपर घेऊन बांधावर आली होती. चारी कोपरे धरून बसली. "पुरंल न्हवं एवढी?"
पुरेल म्हणाले. माहीत नाही.