पाकिटावरचं नाव

लीड्स, १२ नोव्हेंबर

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. राहात्याला डॉक्टरकडं जाऊन आलीस का? अप्पांच्या मागं गाईची धार कोण काढतं?

काल इंग्रजीच्या वर्गात ‘विडो’ शब्द निघाला. बाई म्हणाल्या, जर्मन ‘विटवे’, लॅटिन ‘विदुआ’ आणि तुमचा ‘विधवा’ एकाच मुळातून आलेत. अर्थ, ताटातूट झालेली. मी वर्गातून उठूनच आले.

अप्पांच्या दहाव्यालाही मला येता आलं नाही. आजवर पाकिटावर ‘सौ. बनुबाई’ लिहायचे. आता ‘गं. भा.’ लिहायला हवं, पण हात धजेना. नुसतं ‘बनुबाई’ लिहिलंय. पोस्टमननं विचारलं तर सांग, पोरगी अजून शिकतीये.

तुझीच,
मोनी