दाराबाहेर थांबलेले

सोमवार, ४ मार्च
देवाच्या कृपेने धाकट्याच्या नव्या घरी सुखरूप पोचले. घर उजेडाचं; स्वयंपाकघराला मागचं दारही आहे. पण डब्यांची दशा! एकावरही नाव नाही. मीठ कुठलं, साखर कुठली, चाखून बघा. जुन्या पाकिटांचे कागद कापून सगळ्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. धाकटा हसला. म्हणाला, आई, मीही दिवसभर हेच करतो. कॉम्प्युटर ज्याच्या जिवावर चालतो, त्या गाभ्याच्या प्रोग्रॅममध्ये आकडे ठेवायचे डबे असतात म्हणे. जुन्या लोकांनी त्यांना नुसती एकेक अक्षरं दिलीत. वाचताच कळतील अशी नावं ह्याने द्यायची.

बुधवार, ६ मार्च
आज एका डब्यापाशी अडला. नाव नुसतं ‘डब्ल्यू’. त्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी बजावलंय, त्याला हात लावू नकोस; का विचारलं तर फोनच ठेवला. धाकट्याने शोधून काढलंच. आतली एखादी जागा बंद असली की बाहेर कितीजण खोळंबलेत, त्याचा तो आकडा. उघडली की आधी आलेला आधी आत, घुसाघुशी नाही. ही शिस्त मला आवडली. मीच म्हटलं, मग सरळ ‘दाराबाहेर थांबलेले’ लिही की. इंग्रजी अक्षरांत त्याने तस्संच लिहिलं.

गुरुवार, ७ मार्च
कॉम्प्युटरवरची सगळी कामं बंद केली, खोळंबायला कुणी उरलं नाही, तरी आकडा शून्यावर येईना. एक. साहेब फोनवर ओरडले, ते अक्षर मुद्दाम मुकं ठेवलं होतं. नीट नाव दिलं की ते ओ देतं. माझं डोकंच फिरलं. मग तशी एक ओळ लिहून ठेवायला काय धाड भरली होती? अक्षरं वाचवली मेल्यांनी! मी तेल वाचवते, साबणाच्या चिपा जोडते, पण डब्यावरची अक्षरं जन्मात वाचवली नाहीत.

शुक्रवार, ८ मार्च
पुन्हा ‘डब्ल्यू’ केलं. उपयोग नाही. आकडा दोन. भर दुपारी मागच्या दाराबाहेर पाय घासल्याचा आवाज — उभं राहून कंटाळल्यासारखा. देवाचं नाव घेत बसले. नाव घेतलं की येतो, म्हणूनच तर रोज घेते. मग तेव्हा कसं सुचलं नाही मला —

शनिवार
धाकटा बघायला गेला. नको म्हटलं, ऐकतोय कुठे! बाहेर पाऊल टाकताच दार त्याच्यामागे आपटलं, आतून कडी पडली. आकडा तीन.

रविवार
हाक मारतोय. आई, दार उघड. आवाज त्याचाच — पण मागून. त्या दोघांच्या मागून. आधी आलेला आधी आत. म्हणजे त्यांना घेतल्याशिवाय माझं लेकरू —
साहेब फोन उचलत नाही. मुडदा.
काढली कडी. या मेल्यांनो, रांगेने. पहिला — दुसरा — चल रे, आता तू — अरे, दार का लोटता, माझा पोरगा अजून बाहे—