गोजरआत्याचं शून्य पान

सावेडी, अहिल्यानगर
९ डिसेंबर २०२५

ती. गोजरआत्यास मोनिकाचा वाकून नमस्कार. हे पत्र वाचून दाखवणाऱ्या सवितावहिनींनाही.

इकडे सगळे मजेत. आई तुझ्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीची आठवण काढते, पप्पा तुझ्या बोलण्याची. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद.

तुमच्या बेलापूरच्या पुस्तक-भिशीसाठी मी बनवलेलं ॲप जोरात चाललंय. दर महिन्याला जिची चिठ्ठी निघेल तिच्या आवडीचं पुस्तक, ही तुमची रीत मी तशीच ठेवली. चिठ्ठी मोबाईलमध्ये उलगडते, तरी कडूबाई डोळे मिटून देवाचं नाव घेतात.

फक्त प्रत्येकीच्या नावापुढची हिरवी पट्टी काढली. कोणी किती पानं वाचली ते दाखवणारी. मला वाटलं होतं, चढाओढीनं बायका जास्त वाचतील. नोकरीत शिकलेली अक्कल तुमच्यापुढं पाजळली, दुसरं काय!

वहिनी, आता एकही ओळ गाळू नका.

आत्या, त्या दिवशी सगळ्यांच्या पट्ट्या पुढं आणि तुझी शून्यावर. बायका हसल्या. खरं तर आधी मी हसले. "शून्य पान! मग पुस्तकावरून एवढी भांडतेस कशी?" हे सगळ्यांदेखत मीच म्हणाले. तू भाकरी थापताना वहिनी वाचतात आणि तू ऐकतेस, हे तुझ्या सख्ख्या भाचीला माहीत नव्हतं. तू उठून गेलीस ती पुन्हा आली नाहीस. मला फार लाज वाटते गं.

तू गेल्यावर कडूबाई म्हणाल्या, "पोरी, मलाबी बारीक अक्षर दिसत न्हाई. नातीकडून ऐकते मी. पट्टी तिनंच सरकवली." मग आणखी तिघी बोलल्या! आता वाचू शकणाऱ्या एकेकीनं एकेक प्रकरण आपल्या आवाजात वाचून ॲपमध्ये टाकलंय, कुकरच्या शिट्ट्यांसकट. पुस्तकाच्या चित्राला बोट लावलं की ऐकू येतं. मत द्यायचं तेही बोलून.

बाकीच्या तुझ्याकडे येऊन गेल्या. मी मात्र ॲप दुरुस्त करत बसले. ते सोपं होतं.

पण भिशीत मजा नाही. मागच्या गुरुवारी पुस्तकातला नवरा बायकोला टाकून गेला, तरी कुणी चकार शब्द काढला नाही. छबूबाई म्हणाल्या, "गोजर असती तर त्याला असा जाऊ दिला नसता." वाचायला-ऐकायला नऊजणी आहेत, भांडायला एकही नाही.

या गुरुवारी चारला भिशी आहे. मी तीनलाच तुझ्या दारात येते. शिव्या दे. सगळ्यांसमोर दिल्यास तर फारच बरं.

हसण्यात पहिली आणि माफी मागण्यात शेवटची,
तुझी भाची
मोनिका